केस गेले, ब्लूज आले

रॉक ऐकणारा मराठी मुलगा काय ऐकतो याला फारसं महत्त्व नसतं. तो कुणाला हसतो, त्यावरून त्याची इयत्ता कळते. अकरावीत ब्रायन अ‍ॅडम्सच्या ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’वर ज्याची मुंज लागते, तोच एफवायला गेला की ब्रायन अ‍ॅडम्सचं नाव निघाल्यावर खाली बघतो आणि घरी जाऊन पोस्टर बदलतो. तिथे आता गन्स अँड रोझेस. वर्षभरात तेही उतरतात, कारण ‘नोव्हेंबर रेन’ शेजारच्या काकूंना आवडायला लागलेलं असतं. काकूंना आवडणं या गुन्ह्याला रॉकमध्ये माफी नाही. मग डीप पर्पल, मग मेटॅलिका. मेटॅलिकाचा काळ्या कव्हराचा अल्बम १९९१ साली आला आणि लाखांनी खपला, म्हणून मेटॅलिकाही बाद. इतक्या निष्ठेनं निष्ठा बदलणारी माणसं नंतर मी फक्त विधानसभेच्या बातम्यांत पाहिली.

आमचं हे शिक्षण कॅसेटवर झालं. भरलेली कॅसेट परवडायची नाही, म्हणून टीडीकेची नव्वद मिनिटांची कोरी घ्यायची आणि ज्याच्या घरी डबल डेक असेल त्याच्या आईची तब्येत विचारत विचारत आत शिरायचं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. इंग्रज बँडना आमच्या कॅसेटची लांबी ठाऊक नसल्यामुळे शेवटच्या गाण्यातला गिटार सोलो ऐन रंगात आला की खट्ट आवाज होऊन बटण वर उडायचं. वर्षानुवर्षं तसंच ऐकल्यानं तो सोलो तिथेच संपतो अशी कानांची खात्री पटली होती. पुढे सीडीवर तेच गाणं सबंध ऐकलं तेव्हा आमच्यातला एकजण गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “शेवटी उगाच लांबवलंय.” कव्हरच्या पट्टीवर गाण्यांची नावं बॉलपेननं लिहायची. पट्टी अरुंद, नावं लांब. मग गाणं मुळात कुणी लिहिलंय याला तिथे जागाच नव्हती. याचे परिणाम पुढे बरीच वर्षं भोगावे लागले. जिमी पेजकडे गिब्सन होती, आमच्यातल्या एकाकडे कोलकात्याची गिवसन. एका अक्षराचा तर फरक, असं म्हणून आम्ही त्याला ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात वाजवायला लावायचो. सुरुवातच.

मेटलच्या इयत्तेत सगळे जरा जास्त रमतात. इथे जाती-पोटजाती फार. थ्रॅशवाला डेथवाल्याकडे पाणी पीत नाही, डूमवाला ब्लॅकवाल्याशी सोयरीक करत नाही. घरी वडिलांशी ‘मी जातबीत मानत नाही’ म्हणून तासभर भांडलेला पोरगा कट्ट्यावर येऊन ‘तो पॉवर मेटलवाला आहे, त्याला आपल्यात घेऊ नका’ असं बिनदिक्कत सांगायचा.

आयर्न मेडन २००७च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा आमच्यातले बरेचजण नोकरीला लागले होते, एकदोघांना पोरंही झाली होती. तरी पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसनं सगळे गेले. डबाभर काळे कपडे, वाढलेल्या दाढ्या, एकमेकांचं नावही ठाऊक नसताना चाललेला एकोपा. वाडीला चढलेल्या एका सद्गृहस्थांनी हे पाहिलं, चपला काढल्या आणि भक्तिभावानं केळ्यांचा घड पुढे केला. “स्वामी, शबरीमला?” सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं टी-शर्टवरचा सांगाडा झाकायला पिशवी छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं केळं घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, असं त्याचं आजही म्हणणं आहे. तशीही ती यात्राच होती.

या पंथाचे मूळपुरुष म्हणजे ब्लॅक सबाथ. टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली, मग त्यानं प्लास्टिकची टोपणं करून बोटांना लावली, पुढे गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, काळवंडलेला आवाज निघाला, ही कथा आम्ही एकमेकांना सत्यनारायणाच्या भक्तीनं सांगत असू. १९६८ साली ही मंडळी एकत्र आली तेव्हा त्यांच्या बँडचं नाव ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’ होतं, हा अध्याय मात्र कुणीच वाचायचा नाही. ब्लूज म्हणजे दारू पिऊन रडणाऱ्या म्हाताऱ्यांचं गाणं, एवढं आमचं त्याविषयीचं ज्ञान होतं. आणि आम्ही म्हातारे होणार नव्हतो.

मेटलनंतर अक्कल येते, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक येतं. इथे गाणं आवडून चालत नाही, ते समजावं लागतं. जेथ्रो टलच्या ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये गाणं एकच, रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून. मधे उठलेल्या माणसाला आम्ही हलक्या कुळीचा समजायचो. याच इयत्तेत मराठी मुलाला अचानक भारतीय संगीताचा अभिमान वाटू लागतो. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ सातात आहे हे कळल्यावर तो मांडीवर सात मोजतो आणि जमलेल्या सगळ्यांना सांगतो, “आपल्याकडे रूपक आहेच की!” रूपक त्यानं त्याआधी फक्त पेपरातल्या कोड्यात पाहिलेला असतो.

या काळातला माझा आवडता प्रसंग मात्र ‘येस’ या बँडचा आहे. त्यांचा गायक जॉन अँडरसन यानं परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं. त्यातल्या एका तळटीपेवरून त्याला स्फूर्ती झाली आणि १९७३ साली ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा दोन रेकॉर्डींचा अल्बम निघाला. चार बाजू, चार गाणी. तळटीपेवरून एवढं झालं. मुख्य मजकूर वाचला असता तर काय, हा विचार मी करत नाही. कीबोर्डवाला रिक वेकमन या सगळ्याला इतका विटला होता, आणि मधल्या भागांत त्याला वाजवायला इतकं थोडं होतं, की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्यानं स्टेजवरच करी मागवून खाल्ली. योगानंदांच्या तळटीपेपासून निघालेला प्रवास अखेर हिंदुस्थानी जेवणापाशी येऊन थांबला, यात मला तरी न्याय दिसतो. काही महिन्यांत वेकमन बँड सोडून गेला. आम्ही मात्र चारही बाजू पूर्ण ऐकल्या आणि ‘काय खोली आहे!’ असं म्हणून मान हलवली.

त्यापुढे जॅझ. ती इयत्ता घराचे हप्ते सुरू होतात त्या सुमारास येते आणि पाहुण्यांपुरती टिकते.

आता खरी गोष्ट. माझ्या मते, चाळिशीचा चष्मा लागल्याशिवाय ब्लूज सापडत नाही. कारण साधं आहे. गाण्याचा कर्ता कोण हे सीडीच्या पुस्तिकेत, कंसात, मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं. नजर चांगली होती तोवर ते वाचायची गरज वाटली नाही आणि गरज वाटली तेव्हा अक्षरं दिसेनात. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं. त्याच्या आधी तिथून आमच्या गटातल्या प्रत्येकानं जुने सगळे अल्बम एकदा सीडीवर पुन्हा विकत आणले होते. पोरवयात फुकट भरून घेतलेल्याचं प्रायश्चित्त म्हणा. नवा चष्मा नाकावर चढवून एकानं लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमची पुस्तिका वाचली. दोन गाण्यांपुढे नाव: विली डिक्सन. त्यानं क्रीमची ‘स्पूनफुल’ पाहिली. डिक्सन. डोअर्सचं ‘बॅक डोअर मॅन’. डिक्सन. रोलिंग स्टोन्सचं ‘लिटल रेड रूस्टर’, जे १९६४च्या डिसेंबरात इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं होतं. पुन्हा डिक्सन! रात्री साडेअकराला त्यानं मला फोन केला. “अरे, हा डिक्सन कोण? आपण आयुष्यभर याचीच गाणी ऐकतोय!”

डिक्सन हा मिसिसिपीतून शिकागोला आलेला भलाथोरला माणूस. आधी मुष्टियोद्धा, मग चेस रेकॉर्ड्समध्ये डबल बेस वाजवणारा आणि तिथल्या सगळ्या गायकांना गाणी लिहून देणारा. त्याचं नाव नसलेलंही एक गाणं होतंच. ‘होल लॉटा लव्ह’ आपल्या गाण्यावरून उचललंय म्हणून त्यानं १९८५ साली लेड झेपलिनवर दावा लावला आणि दोन वर्षांनी आपसात मिटवला. पुढच्या पुस्तिकांत कंसातल्या नावांत त्याचंही नाव आलं. ज्या गाण्यावर आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माना तुटेपर्यंत हलवल्या, ते अशा तऱ्हेनं तडजोडीच्या कागदांतून आमच्यापर्यंत आलेलं.

एकदा चष्मा लागला की मग थांबवत नाही. रोलिंग स्टोन्स हे नाव मडी वॉटर्सच्या १९५०च्या रेकॉर्डवरून घेतलेलं. आणि पिंक फ्लॉइड! त्या दोन शब्दांत आम्ही विश्वाची पोकळी, वेड, चंद्राची काळी बाजू असं काय काय पाहिलं होतं. निघाले ते कॅरोलायनातले दोन ब्लूजवाले, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल. सिड बॅरेटनं त्यांची पहिली नावं उचलून जोडली, बस. केंब्रिजच्या पोरानं कवलापूरच्या तमाशाची जाहिरात वाचून बँडचं नाव ‘काळू बाळू’ ठेवावं, त्यातला प्रकार. हे कळल्यावर ‘द वॉल’ पूर्वीसारखी ऐकू येत नाही. मधेच ढोलकी येईल असं वाटत राहतं.

बरं, हा फेरा आम्हीच घेतला असं नाही, आमच्या देवांनीही घेतला. एरिक क्लॅप्टननं १९६५ साली यार्डबर्ड्स सोडला. बँडनं ‘फॉर युअर लव्ह’ हे पॉप गाणं केलं आणि विशीही न गाठलेल्या या पोराला ते ब्लूजशी बेइमानी वाटलं. मग त्यानं स्वतः वाटेत सगळं केलं, पॉपसकट, आणि १९९४ साली ‘फ्रॉम द क्रेडल’ हा निव्वळ जुन्या ब्लूजचा अल्बम काढला. स्टोन्सचं त्याहून लांबलं. १९६२ साली लंडनमध्ये ब्लूज वाजवणारी पोरं म्हणून सुरुवात केलेल्या त्या मंडळींनी २०१६ साली ‘ब्लू अँड लोन्सम’ काढला, बाराही गाणी दुसऱ्यांची, तीन दिवसांत रेकॉर्ड केलेली. मधली पन्नास वर्षं जग ज्याला त्यांची कारकीर्द म्हणतं ती. तो अल्बम ऐकताना पहिल्यांदाच मला वाटलं, की मिक जॅगर नाचत नसावा, बसला असावा. तोंडातला हार्मोनिका तो काय सुंदर वाजवतो! इतकी वर्षं त्याच्या कमरेकडे बघण्यात ते राहूनच गेलं होतं.

घरात ब्लूज आणणं मात्र मेटल आणण्याइतकं सोपं नाही. मेटलला घरचे एका वाक्यात ‘बंद कर’ म्हणतात, विषय संपतो. ब्लूज ते ऐकतात, आणि ऐकलं की प्रश्न विचारतात. ब्लूजची घडण अशी, की बारा बार, साधारण तीन कॉर्ड, पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग तिसऱ्या ओळीत काय तो निकाल लावायचा. त्यातून रॉबर्ट जॉन्सनची १९९० साली निघालेली संपूर्ण पेटी लावलेली. जॉन्सननं १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये मिळून एकोणतीस गाणी गायली आणि पुढच्याच वर्षी सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्यामुळे जे काही सापडलं ते सगळं त्या पेटीत आहे. एकाच गाण्याचे दोन टेक असतील तर तेही, पाठोपाठ. म्हणजे हिशोबानं तीच ओळ चार वेळा.

“बायको सोडून गेली हे कळलं मला,” बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “आणखी किती वेळा सांगणार आहे?”

मी तिला चौकाची कथा सांगितली. क्लार्क्सडेलजवळ जिथे ६१ आणि ४९ हे हमरस्ते मिळतात, तिथे मध्यरात्री जॉन्सननं आत्मा सैतानाला विकला आणि बदल्यात गिटार मागून घेतली अशी दंतकथा आहे. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. रात्री तिठ्यावर कुणाकडून काही घेऊ नये हे तिच्या आजीनं तिला पाचव्या वर्षीच सांगितलेलं होतं.

खरा धक्का दिला तो आमच्या त्या डिक्सनवाल्या मित्राच्या वडिलांनी. आयुष्यभर नाट्यसंगीत आणि आकाशवाणी. मुलाच्या खोलीवरून जाताना ते कानांवर हात ठेवत. मडी वॉटर्सचं ते १९५०चं ‘रोलिंग स्टोन’ लागलं होतं. एक गळा आणि एक विजेची गिटार, दुसरं काही नाही. म्हातारबुवा दारात थांबले. ब्लूजमधला गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. गायक त्या दोघांच्या मधे कुठेतरी घुटमळतो आणि गिटारवाला तार ओढून त्याला तिथे गाठतो. पियानोला ते करता येत नाही, आपल्या पेटीलाही नाही. बुवा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “गंधार बरा लावतोय रे हा. कुणाकडे शिकला?”

पोराचा उत्साह अनावर. त्यानं सांगितलं, “बाबा, १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली ना अंतराळात, त्यावर केसरबाई केरकर आहेत. ‘जात कहाँ हो’, भैरवी. आणि त्यांच्या लगेच नंतर कोण आहे? ब्लाइंड विली जॉन्सन! अमेरिकेतला आंधळा ब्लूजवाला, १९२७चं रेकॉर्डिंग.”

बुवा विचारात पडले. “केसरबाईंच्या शेजारी?” ते म्हणाले. “त्या कुणालाही बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या. माणूस कसलेला असणार.” मग जाता जाता, “त्या तबकडीवर तुझा तो धांगडधिंगा आहे का?”

आहे. चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ आहे. पण त्यानं सांगितलं नाही. मिळालेली सनद कशाला धोक्यात घाला?

ही सगळी पांगलेली जमात एका जागी बघायची असेल तर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला जावं. २०११ साली सुरू झाला, पहिल्याच वर्षी बडी गाय आला होता. तिथे गेलं की बंगळूरच्या गाडीतला डबा जसाच्या तसा भेटतो, फक्त काळ्या टी-शर्टाच्या जागी काळा कुडता, आणि पोनीटेल बांधायची हौस तीच पण सामग्री उरलेली नाही. दोन स्टेजांमधलं अंतर चालताना गुडघ्यावर हात. शिलाँगच्या सोलमेटची टिप्रिती खारबांगार गायला लागली की मात्र गुडघे विसरतात. २००७ साली मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत हाच बँड भारताकडून गेला होता. बडी गाय २०२३ साली पुन्हा आला तेव्हा शहाऐंशी वर्षांचा होता. गिटार वाजवत वाजवत प्रेक्षकांत शिरायची त्याची जुनी सवय. आम्ही खुर्च्या शोधत होतो.

इथे ही गोष्ट सुखान्त व्हायला हरकत नव्हती. पण रॉकवाल्याला ब्लूज सापडला तरी रॉकवाल्याची खोड जात नाही. ‘कुणाला हसायचं’ हा प्रश्न उरतोच. सहा महिन्यांत आमच्यात तट पडले. क्लॅप्टन म्हणजे गोऱ्यांचा ब्लूज, बाद. मग शिकागो विरुद्ध डेल्टा. गिटारला वीज जोडली तिथेच सगळं बिघडलं, असं सांगणारा एकजण निघाला, जो स्वतः महावितरणमध्ये आहे. या वादाला परंपरा आहे. मडी वॉटर्स १९५८ साली इंग्लंडला गेला तेव्हा त्याची विजेची गिटार ऐकून तिथले सोवळे रसिक हादरले. काही वर्षांनी तो बिचारा साधी गिटार घेऊन गेला, तर लोक म्हणाले, विजेची कुठाय?

आमच्यातला सर्वांत कडवा आता फक्त १९३५च्या आतलं ऐकतो. रेकॉर्डवरची खरखर जितकी जास्त, तितका ब्लूज अस्सल. गाणं अजिबात ऐकू आलं नाही की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. असल्याच भक्तांनी साठच्या दशकात अमेरिकेत म्हातारे ब्लूजवाले शोधायची मोहीम काढली होती. मिसिसिपी जॉन हर्टनं १९२८ साली आपल्या अ‍ॅव्हलॉन गावावर गाणं रेकॉर्ड केलं होतं. पस्तीस वर्षांनी एकानं ते ऐकलं, नकाशात अ‍ॅव्हलॉन शोधलं आणि गाठलं, तर म्हातारा तिथेच, गुरं राखत. सन हाऊस रॉचेस्टरला सापडला, पण वर्षानुवर्षं त्यानं गिटारला हात लावला नव्हता. अ‍ॅल विल्सन नावाच्या विशीतल्या पोरानं त्याला त्याचीच गाणी पुन्हा शिकवली. आमच्या कडव्या मित्राला ही गोष्ट फार आवडते. सन हाऊस भेटला असता तर त्यानंही बोटं कुठे चुकताहेत ते दाखवलं असतं, यात मला शंका नाही.

सध्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रॉबर्ट जॉन्सनच्या वेगाचा वाद पेटलाय. त्याच्या रेकॉर्डी मूळ गाण्यापेक्षा जलद गतीत निघाल्या, खरा जॉन्सन यापेक्षा संथ होता, असं एक मत आहे. जाणकार ते बहुतेक मानत नाहीत. आमच्या गटात जाणकार कुणीच नसल्यामुळे तिघांनी ते लगेच मानलं. एकानं मोबाइलवर वेग वीसेक टक्क्यांनी उतरवून ती गाणी सगळ्यांना पाठवली. मी रात्री लावून पाहिली. सत्तावीस वर्षांचा तडफदार पोरगा गेला होता आणि त्याच्या जागी एक जाडसर, दमलेला, जिना चढून आल्यासारखा आवाज घरात भरला होता.

बायको आतून म्हणाली, “हा कोण? तुमच्या ग्रुपमधला का?”